द्वारकेची हाडं

द्वारकेची हाडं विरघळून अंगावरून पांढरं जात होतं, त्यामुळे दिवाळीपासून तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. चार बोटं वर तरंगायची, एवढंच. साडी लांब नेसली की कळायचं नाही. वारं सुटलं की मात्र पंचाईत व्हायची, म्हणून ती कमरेला वरवंटा बांधून हिंडायची.

"बाईच्या जातीला हे असायचंच," सासू म्हणाली. "माझी तर निम्मी हाडं गेली." बोलताना तिने खाटेची कड घट्ट धरली होती.

आपण एक दिवस उडून जाणार हे द्वारकेने धरूनच ठेवलं होतं. मनातल्या मनात तिने लेकीला बहिणीकडे ठेवलंही होतं. पण खाज सोसवेना आणि वास लपेना, तेव्हा तिने रावेरला डॉक्टर मेहरून तडवींचा दवाखाना गाठला.

डॉक्टरबाईंनी वरवंटा सोडायला सांगितला. द्वारका छताला जाऊन लागली.

"पंखा बंद आहे, घाबरू नका," म्हणत त्यांनी तिला घोट्याला धरून खाली ओढलं आणि तपासायच्या टेबलाला पट्ट्याने बांधलं. पट्टा वापरून वापरून मऊ झाला होता.

"कसं जातं?"

"हिरवट. फेस येतो. हाडं संपत आलीत का हो, बाई?"

डॉक्टरबाईंनी कापसाच्या काडीवर स्राव घेतला, काचेवर मिठाच्या पाण्याच्या थेंबात कालवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला.

"चटकन बघा. गार झाले की हलायचे थांबतात."

द्वारकेने डोळा लावला. उजेडात पेरूच्या घाटाचे इवले जीव शेपट्या झाडत गिरक्या घेत होते. एकाने थांबून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला.

"यात हाडाचा कणही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जंतू आहेत. गोळ्यांनी जातात. नवऱ्यालाही बरोबरच घ्याव्या लागतील. दोघांच्या संपेपर्यंत जवळ यायचं नाही."

द्वारकेला हसू फुटलं. टेबल थोडं उचललं गेलं.

घरी प्रल्हाद म्हणाला, "मला काय झालंय?"

"काही नाही. तरी घ्या."

त्याने तिच्या पायांकडे पाहिलं. "तू एवढी उंच कधी झालीस?"

"दिवाळीपासून."

मग त्याने गोळी गिळली. "तोंडात लोखंड चघळल्यासारखं लागतंय."

"मलाही," द्वारका म्हणाली, आणि दोघं तोंडात लोखंड घेऊन कितीतरी वेळ हसत बसली.

गोळ्या संपायच्या आधीच खाज थांबली. मग एका सकाळी टाच टेकली, पाठोपाठ बोटं. फरशी गार होती. द्वारका घरभर नुसती चालत राहिली. लेकीला उठवून तिने अंगणातल्या धुळीतले आपले ठसे दाखवले.

नळावर तिने सगळं सांगितलं. मग शेजारच्या इंदूने साडी जराशी वर उचलली. खाली हवा होती. मग सरलाने. मग एकेक करत सगळ्यांनीच. घरी सासूने खाटेची कड सोडली.

बाजाराच्या दिवशी द्वारका साऱ्यांचे पदर मुठीत धरून रावेरच्या रस्त्याने निघाली. केळीच्या बागांवरून वारं आलं आणि बाया वर गेल्या. रंगीत, फडफडत, एकमेकींना हाका मारत. सासू सगळ्यांत उंच होती.

"द्वारके," ती वरून म्हणाली, "इथून तापी दिसते गं."

द्वारकेने तिच्या पदराचा आणखी एक वेढा मनगटाला घेतला.