निळ्या पट्ट्यावरची आवडाबाई

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. माझ्यावर बसून तुम्ही भेळ सांडली असेल, झोपेत लाथाही मारल्या असतील. पण मी माणसं पाठीवरून ओळखते, हे काही तुमच्या लक्षात आलं नसेल. माणूस माझ्यावर आडवा झाला की त्याच्या सगळ्या सवयी मला कळतात.

हातमागावर मला विणताना विणकराने मधोमध एक निळा पट्टा सोडला. तो पाहूनच सरोजताईंनी मला ठाण्याच्या बाजारात पसंत केलं. ही शहाऐंशी सालची गोष्ट. कोळीवाड्याजवळच्या एका हॉलमध्ये त्या बायकांना व्यायाम शिकवत. बहिणीने परदेशातून आणलेल्या पुस्तकातून त्या पिलाटीस नावाचा प्रकार शिकल्या होत्या. "कणा निळ्यावर!" असं त्या म्हणाल्या की भल्याभल्या बायका सरळ होत. केवढा मान होता मला तेव्हा!

एक दिवस आवडाबाई आली, कंबर धरूनच. तिची सून मासळीबाजारात बसू लागली होती आणि तान्हा कान्हा दिवसभर आजीकडे असायचा. ती माझ्यावर निजली तेव्हा तिचा डावा कुल्हा मला चांगलाच रुतला. उजवा जेमतेम टेकला. ताई तिला गुडघे दुमडून कंबर सावकाश उचलायला लावत, दोन्ही बाजू सारख्या करून निळ्यावर आणत. आवडाबाई खुशीत घरी जायची आणि पुढच्या खेपेला परत तशीच वाकडी यायची. दुखणंही तसंच.

शेवटी ताई म्हणाल्या, "आवडाबाई, थोडे दिवस नातवाला उचलू नका."

"मंग जगू कशाला, बाय? तो दुसऱ्या कुनाकडं ऱ्हातच नाय!" आवडाबाई तरातरा निघून गेली आणि वर्गाला यायचीच बंद झाली. मला मुळीच करमेना. ताईंचंही शिकवण्यात लक्ष लागेना.

मग एका सकाळी ती दारात उभी! हातात सुक्या बोंबलांची पुडी. रागावून गेल्याचं तिला वाईट वाटत होतं. बोलता बोलता तिचा डावा कुल्हा बाहेर आला, सगळा भार डाव्या पायावर गेला आणि ती हळूहळू डुलू लागली.

"कान्हा कुठाय?" ताईंनी विचारलं.

"घरी निजलाय."

"मग झुलवताय कुणाला?"

आवडाबाईने खाली पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. ताईही हसल्या, मग गंभीर झाल्या. "चुकलंच माझं. मी तुम्हाला फक्त सतरंजीवर बघत होते. डावीकडेच का घेता त्याला?"

"उजवा हात कामाला लागतो ना!"

"उचला तुम्ही त्याला. पण कड बदला, आणि भार दोन्ही पायांवर ठेवा. बसल्याजागी मांडीवर घ्या."

सांगणं सोपं होतं. उजव्या कडेवर घेतलं की कान्हा असं भोकाड पसरायचा की शेजारीपाजारी धावत यायचे. मग आवडाबाईने अंबाड्यातली अबोलीची वेणी उजव्या खांद्यावर सोडली. पोरगं फुलांशी खेळता खेळता तिथेच रमलं. व्यायामही पुन्हा सुरू झाला. एक दिवस ती माझ्यावर निजली आणि दोन्ही कुल्हे सारखे टेकले. दुखणंही हटलं होतं. मित्रांनो, त्या दिवशी मला इतका आनंद झाला की काय सांगू!

पुढे रबराच्या चटया आल्या आणि माझी रवानगी ताईंच्या माळ्यावर झाली. कान्हा शाळेत जाऊ लागला. माझी घडी मात्र कायम त्याच रेषेवर, निळ्या पट्ट्यावर पडत राहिली आणि तिथेच मी विरले. तुम्हीही दप्तर रोज एकाच खांद्यावर अडकवता, उभे राहता तेही एकाच पायावर. तेवढं जपा, बाळांनो.

परवा ताईंनी माळा आवरायला मला खाली काढलं, तेव्हा आवडाबाई त्यांच्याकडे आली होती. मला पाहून तिने माझी जुनी घडी मोडली, नवी घातली आणि मला उचललं.

"चल गं," ती म्हणाली, "तुला घरी नेते, शिवते."

आणि मला तिने उजव्या कडेवर घेतलं.