लोंबती चाकं

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण थरथरलं. बेकरीवाल्याची व्हॅन अशीच थरथरली होती. मी गॅस बंद केला. बाळ निजलेलंच होतं. थोरली फरशीवर पालथी पडून चित्र काढत होती.

त्या व्हॅनमध्ये आम्ही दुसरं, मोठं इंजिन आणि गिअरबॉक्स बसवला. आम्ही म्हणजे बाबा आणि मी, घरापुढच्या आमच्या गॅरेजात. मोजमाप माझं, वेल्डिंग बाबांचं. गिअरबॉक्स जितका मागे झुकेल, तितकंच मागच्या चाकांच्या अ‍ॅक्सलचं तोंड वर उचलायचं. तरच मधल्या फिरत्या शाफ्टचे दोन्ही जॉइंट एकमेकांना सांभाळून घेतात, नाहीतर गाडी थरथरते. आणि हा कोन गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच मोजायचा; चाकं लोंबली की अ‍ॅक्सल खाली येतो आणि कोन बदलतो. बाबांनी हे मला मी शाळेत असल्यापासून घोकवलंय.

त्या दिवशी बाबा वेल्डिंगच्या काड्या आणायला गेले होते. आत बाळ रडत होतं, माझा ब्लाउज दुधाने भिजला होता. गाडी स्टँडवर उचललेली, चाकं लोंबती. खाली कोण उतरवत बसणार? कोन तसाच मोजला.

बाबांनी आल्या आल्या विचारलं, "उतरवून मोजलंस ना गं?"

"हो तर. मोजून परत चढवली."

त्यांनी माझ्या आकड्यावर वेल्डिंग केलं.

दोन दिवसांनी बेकरीवाला हजर. "साठच्या पुढे गेलं की ट्रे नाचतात हो! पाव राहू दे, माझी कवळी पडायची!"

गाडी खाली ठेवून मी पुन्हा मोजलं.

"किती चुकलंय?" बाबांनी विचारलं.

"तीन अंश."

"तीन!" ते स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले. मग बेकरीवाल्याला म्हणाले, "सॉरी साहेब, माझाच हात हलला. वय झालं."

मी शेजारीच पाना पुसत होते. पुसलेलाच पुसत होते.

बाबांनी सांधा कापून नव्याने जोडला. व्हॅन आता लोण्यासारखी पळते. पण त्यांनी वेल्डिंगचा मुखवटा खिळ्याला अडकवलाय. "पुढच्या कामाला बाहेरचा माणूस बोलव," म्हणाले. परवापासून चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. हात हलतो का, ते बघत असतात. हलत नाही. मीही बघते.

"आई, ही बघ आपली व्हॅन!" थोरलीने कागद उचलून धरला.

"छान गं. पण चाकं जमिनीला टेकव ना, राणी. अधांतरी काय काढलीस?"

"अशीच होती! तू खाली झोपून मोजत होतीस तेव्हा. मी पायरीवरून बघितलं ना!"

बाहेरच्या खोलीत बाबांच्या पेपराची सळसळ थांबली.

"मग आई, आजोबा का सॉरी म्हणाले?"