डॉक्टरांनी सांगितलेला जोडा

मी बदकीण बोलतेय. हो, बाईच. आमच्यात मोठ्यानं बोलतात त्या बायका. नर नुसता घसा बसल्यासारखा खरखरतो. आमच्या घरचे आजोबा म्हणतात, "माणसांतही तसंच असतं." पण हळूच म्हणतात.

मला उबवलं एका कोंबडीनं. मी पहिल्यांदा पाण्यात उडी मारली तेव्हा ती बिचारी काठावर उभी राहून असा गळा काढत होती, की शेजारीपाजारी धावून आले. मला इतकी मजा वाटली, की मग मी मुद्दाम रोज उडी मारायला लागले. खोड लागली ती तेव्हापासून.

पुढे या घरी आले. आजी कपडे शिवतात. आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे, आता नुसतं त्यांत डोकावतात. मी दिवसभर फरशीवर पटपट फिरायचे, दोऱ्याची रिळं पळवायचे, कपडे न्यायला आलेल्या बायकांच्या पोटऱ्यांना चोच मारायचे. आजोबा चोरून पाव भरवायचे. मी अशी गरगरीत झाले, की शिलाई मशीनच्या टेबलावरून उडी मारली तर कपाटातले कप वाजायचे.

एक दिवस उजवा पाय टेकवेना. आजींनी मला चारचौघांत उताणी केलं, लाज म्हणून नाही, आणि बघितलं तर तळव्याला काळी खपली, भोवती सूज.

जनावरांचे डॉक्टर आले. "कडक फरशीनं झालंय. शिवाय वजन कमी करायला हवं."

आजोबांनी सवयीनं आजींकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय? पाव कोण चारतं?"

आजी पाणी तापवायला आत गेल्या. डॉक्टर दारातूनच आजोबांना म्हणाले, "रोज कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवा, मलम लावा, पट्टी बांधा. जखम हाडात उतरली तर पाय जाईल हिचा. आणि मऊसा जोडा बघा हिला. जोड्याशिवाय हिंडू देऊ नका."

"जोडा?" आजोबांनी विचारलं.

"हो, आणि लवकर बघा."

दुसऱ्या दिवशी आजोबा टोपली घेऊन आले. टोपलीतून हिरव्या डोक्याचा एक नर बाहेर आला आणि खरखरला.

"अहो, हे काय?"

"जोडा. डॉक्टरांनीच सांगितलंय. मऊ हवा म्हणाले, म्हणून पोट दाबून दाबून निवडला."

आजींनी कपाळाला हात लावला. "अहो, पायातला जोडा! पायातला! पाय दुखतोय म्हणून कोणी कोणाचं लग्न लावतं का?"

मी इतकी हसले, की शेपूट थरथरायला लागली. पण माझं हसू टिकलं नाही. नवरदेव लागले की माझ्या मागे! मी लंगडत घरभर पळाले. पट्टी सुटली, जखम फरशीवर घासली. संध्याकाळी सूज घोट्यापर्यंत चढली आणि मला उभं राहवेना. कधी नव्हे ती मी गप्प बसले. आजी म्हणाल्या, "ही ओरडत नाही म्हणजे काही खरं नाही."

आजोबा उठले. आपला लोकरीचा कोट आणून त्यांनी मशीनवर ठेवला. "काप."

"आणि थंडीत काय घालाल?"

"काप म्हटलं ना."

मग नवरदेवांना बाथरूममध्ये कोंडलं, आणि आजींनी गिऱ्हाइकासारखा माझा पाय कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. मापं चालू असताना मी पेन्सिल पळवली. "बरी होणार गं बाई ही," म्हणून आजींनी हसत डोळे पुसले.

कोटाचा जोडा झाला, तळाला मऊ गादी. शेक, मलम, पट्टी, जोडा. पाव बंद, हिरवा पाला सुरू. सूज उतरू लागली तेव्हा नवरदेवांना बाहेर काढलं. त्यांनी जोडा पाहिला आणि माझ्याकडे पाठ फिरवून त्या जोड्यालाच मान लववून सलाम करायला लागले. नवरा माझा आणि जीव कोटावर!

खपली पडली, खाली गुलाबी कातडी आली. तरी मी लंगडायचे, कारण कडेवर घेतात. एकदा घाईत चुकून डाव्या पायानं लंगडले. "नाटकी कुठली!" म्हणून आजींनी मला खाली सोडलं. घरभर मात्र जुन्या सतरंज्या अंथरल्या.

आता मी म्हातारी झालेय. सकाळी आजी मला मांडीवर घेऊन तळवे बघतात. परवा आजोबांनी स्वतःचे पायही समोर केले.

"तुम्ही बदक आहात का?"

"अगं, बघ की."

आजींनी चष्मा सारखा केला. "काय भेगा पडल्यात! बोलायचं नाही का?" आणि माझंच मलम त्यांच्या टाचांना चोळलं. आजोबा काहीतरी खरखरले.

तेव्हा बाबांनो, घरात बदक असेल तर उचलून तळवे बघत जा. बदक नसेल तर जे कोणी असेल त्याचे बघा. आणि डॉक्टर जोडा म्हणाले, तर कसला ते विचारून घ्या. मी बाई दोन्ही वापरले. एक फाटला. दुसरा त्या फाटक्यावर डोकं ठेवून झोपलाय, आणि मी त्याला आता चोच मारून उठवणार आहे.