आधी मीटर, मग दुकान

"दाजी, अहो दुकान इकडे आहे! जिन्याखाली काय शोधताय?" मेहुण्याने हाक मारली.

पण ते मीटररीडर पडले. वीज कंपनीत बावीस वर्षं मीटर वाचण्यात गेलेली. कुठल्याही इमारतीत शिरलं की आधी जिन्याखाली वाकायचं आणि मग माणसांकडे बघायचं, ही खोड काही सुटत नव्हती. मेहुणा बेकरीवाल्या बाईंना काचेची दर्शनी बाजू, नवी फरशी, समोरचा हमरस्ता असं सगळं साखर घोळून सांगत होता, आणि आमचे हे महाशय गुडघ्यांवर बसून मीटरच्या पेटीत डोकं खुपसून होते.

"बाई, तुमच्या भट्ट्या विजेवर चालतात ना?" त्यांनी तिथूनच विचारलं. "मग ही जागा घेऊ नका. इथे सिंगल फेज आहे. एक भट्टी लावलीत तरी अख्ख्या इमारतीत अंधार होईल. मोठी केबल आणायला वाटच ठेवलेली नाही."

बाईंनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने छताकडे पाहिलं. सौदा फिसकटला.

"तुम्ही भागीदार होणार आहात की वैरी?" परतताना मेहुणा करवादला. दुकानं आणि ऑफिसांच्या जागा भाड्याने देण्याचा त्याचा धंदा. दाजींनी नोकरी सोडून अर्धी भागीदारी घ्यावी म्हणून दोन महिने मागे लागला होता. म्हणून तर आज सुट्टीच्या दिवशी नमुन्यादाखल सोबत आणलं होतं.

"अरे, खोटं कसं बोलू?"

"खोटं कोण बोला म्हणतंय? गप्प बसा म्हणतोय!"

घरी बायकोचा पाढा ठरलेला. "माझा सख्खा भाऊ आहे म्हणूनच सांगते, त्याच्या नादी लागू नका. पेन्शन आहे, दवाखाना कंपनी बघते. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला?"

तिचं काही चुकत नव्हतं. पण कंपनीचे नवे मीटर आता आकडे आपोआप पाठवणार होते. नोकरी जाणार नव्हती. निवृत्तीपर्यंत खुर्चीत बसून पगार मिळणार होता. त्या खुर्चीची त्यांना मनापासून धास्ती वाटत होती. कुठलं दुकान चालेल आणि कुठलं वर्षभरात कुलूप लावेल, हे त्यांना दारातूनच कळायचं. बावीस वर्षांत एकाही माणसाने विचारलं मात्र नव्हतं.

चार दिवसांनी फोन आला. बेकरीवाल्या बाई.

"तुम्ही दाखवाल ती जागा बघते. मेहुण्यांना आणा, नका आणू, तुमची मर्जी."

मागच्या गल्लीत एक छापखाना बंद पडला होता. दर्शनी बाजू म्हणाल तर रडकीच. पण विजेचा भार दांडगा, आणि पिठाची पोती उतरवायला मागून स्वतंत्र दार. बाई दोनदा आत-बाहेर फिरल्या, भिंतीवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घेते."

संध्याकाळी ते बायकोला सांगत सुटले. पोती, दार, भट्टी, बाईंचा चेहरा. घड्या घालायचे कपडे तसेच मांडीवर ठेवून ती ऐकत राहिली.

"लग्नापासून एका दमात एवढं कधी बोलला नव्हतात," ती म्हणाली. मग एक घडी घालत, "मला भीती वाटतेय. वाटणारच. पण द्या राजीनामा."

"नक्की?"

"नक्की. फक्त भावाकडून सगळं कागदावर लिहून घ्या. त्याला मी पाळण्यापासून ओळखते."

राजीनामा मंजूर झाला. साहेबांनी दोनदा "विचार करा" म्हटलं आणि तिसऱ्यांदा हात मिळवला. दुसऱ्या दिवशी मुलगी कॉलेजचा अर्ज भरत बसली होती.

"बाबा, वडिलांच्या कामाच्या ठिकाणचा फोन?"

त्यांनी कंपनीचा नंबर घडाघडा सांगितला. तिने लिहूनही टाकला. मग दोघंही त्या आकड्यांकडे बघत राहिली. आत भांडी वाजायची थांबली.

"खोड तो," ते म्हणाले.

मुलीने एक सरळ रेघ मारली. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आपला स्वतःचा नंबर, एकेक आकडा, सावकाश सांगितला.