शोभाबाईचा दगड

ब्रेकचं पेडल कडक होतं, ऑइल कुठे झिरपत नव्हतं, पाय दाबला की मागची दोन्ही चाकं जागच्या जागी थांबत होती. तरी लोटू मिस्तरी जीपभोवती घुटमळत होता. काहीतरी राहिलंय एवढं त्याला कळत होतं. काय, ते काही केल्या आठवेना.

बँकेतल्या जयंतरावांना सुट्टी लागली की ते डांगच्या जंगलात ओढ्या-चिखलातून जीप घालत. मागच्या चाकांच्या ब्रेक-ड्रममध्ये पाणी शिरलं की ब्रेक धरायचा नाही. म्हणून ड्रम काढून डिस्क बसवायची. लोटूचा जन्म ड्रम उघडण्यात गेला. चाक फिरवायचं, आत लायनर किती घासतोय ते ऐकायचं, त्यावर सेटिंग करायचं. या डिस्कला ऐकण्यासारखं काही नव्हतंच! काम संपलं आणि त्याचे कान बिचारे रिकामेच राहिले.

बाहेर रस्त्यावर त्याची शिक्षिका लेक धनश्री उभी होती. बाप अलीकडे फार विसरायला लागला होता. मागे एकाच्या गाडीचं जुनं ऑइल काढलं आणि नवं न भरताच चावी देत होता. तेव्हापासून तिने धोशा लावला होता की सुरतेतल्या गोडादऱ्याचं हे गॅरेज आता बंद करा. शेवटी बोली झाली: ही जीप नीट बाहेर पडली, तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही. नाहीतर शटर खाली.

लोटूने जीप रस्त्यावर एक फेरी मारून आणली. ब्रेक असा लागला की शेजारी बसलेले जयंतराव खूश. गॅरेजच्या उतारावर जीप चढून थांबली, तशी डबा घेऊन आलेल्या त्याच्या बायकोने, शोभाबाईने, मागच्या चाकाला दगड लावला. तिच्या माहेरी उतारावर बैलगाडी दगडाशिवाय सोडत नसत. ती खोड सुरतेतही गेली नव्हती. अगं बाई, हिला बैल नाहीत, हँडब्रेक आहे, असं म्हणून लोटू तिला जन्मभर चिडवत आला होता.

त्याने हँडब्रेक ओढला, पाय उचलला, खाली उतरला. जीप मागे सरकली आणि दगडाला अडून थांबली. मागे धनश्री उभी होती.

लोटू बघतच राहिला. हँडब्रेक तर ओढलाय! मग खाली तारेने बांधलेली हँडब्रेकची केबल त्याला दिसली. हँडब्रेक ड्रममध्येच होता. सकाळी त्यानेच तो ड्रमबरोबर काढला होता आणि केबल आपल्या हाताने बांधून ठेवली होती.

धनश्रीने काय झालं म्हणून विचारलं.

“काई नही,” शोभाबाई पटकन म्हणाली. “मी दगड लाया, त्याना आवाज.”

तिच्या त्या बोलण्याने नवरा वाचत होता. गप्प राहिला असता तर गॅरेजही वाचलं असतं. पण डांगच्या घाटात जयंतरावांच्या चाकामागे शोभाबाई थोडीच उभी राहणार?

“जयंतराव, हिला हँडब्रेक नाही,” लोटू म्हणाला. “मीच काढला अन् मीच विसरलो. कतारगामच्या गॅरेजात बसवून देतील. तोवर घाटात नेऊ नका.”

धनश्रीने मान खाली घातली. जीप निघायच्या वेळी लोटूने तो दगड पुसून तिच्या सीटखाली ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी शोभाबाई सवयीने डबा घेऊन गॅरेजवर आली. बोलीप्रमाणे अर्ध्यावर ओढलेल्या शटरखाली लोटू पाने-पकडी पुसत बसला होता. तिने डबा ठेवला आणि इकडेतिकडे बघू लागली.

“दगड कोठे शे?”

“जयंतरावले दिधा,” लोटू म्हणाला. “आते गाडीच नही.”

ती रिकाम्या फरशीवर त्याच्याजवळ बसली आणि तिने डबा उघडला.