वायरलेसच्या तोंडाला गूळ

मित्रांनो, मी एक जुना वायरलेस संच आहे. सध्या एका भांडारात मोडक्या खुर्च्यांखाली पडलो आहे आणि माझ्या अंगावर खडूने 'नादुरुस्त' असं लिहिलेलं आहे. ते साफ खोटं आहे. मी नादुरुस्त कधीच नव्हतो. एवढी वर्षं हे मनात धुमसतंय, म्हणून आज तुम्हालाच सांगतो.

माझा जन्म बंगळूरच्या एका कारखान्यातला. लातूर हा नवा जिल्हा झाला, साहेबलोकांची ये-जा वाढली, तेव्हा मला नांदेड रस्त्याकडच्या एका उघड्या माळावर आणलं. तिथे छोटी धावपट्टी होती आणि तिच्या कडेला एक खोली. खोलीत एक टेबल, एक मोठी बॅटरी आणि मी. विमानाशी बोलणं हे माझं काम. माझी रीत अगदी सोपी होती. माइकचं बटण दाबलं की माझं तोंड उघडायचं आणि कान मिटायचा. बटण सोडलं की तोंड मिटायचं आणि कान उघडायचा. दोन्ही एकदम मला जमत नाही. मी बोलत असलो की माझ्या कपाळावरचा लाल दिवा लागायचा.

मला चालवायचे हणमंतराव. हवाई दलातून निवृत्त झालेला कडक माणूस, पण माझ्यावर भारी जीव. रोज सकाळी कोरड्या फडक्याने मला पुसायचे. गावातली पोरं खिडकीशी जमून माझी खरखर ऐकायची आणि आभाळातून माणसाचा आवाज आला की टाळ्या पिटायची. खरं सांगतो, त्या दिवसांत मी फार फुगलो होतो.

मग दुष्काळ पडला. सलग दुसऱ्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. माळावर काडी उरली नाही. धावपट्टीच्या कडेला, कुंपणाच्या आत, तेवढं थोडं वाळकं गवत होतं. साहजिकच गुरं आत शिरायची. म्हणून एक पद्धत ठरली होती. विमान जवळ आलं की वैमानिक मला कळवायचा, हणमंतराव चौकीदार सिद्धेश्वरला सांगायचे आणि तो सायकलवरून शिट्टी वाजवत पट्टी मोकळी करायचा.

त्या वर्षी खंडेनवमीलाच दुष्काळ पाहणीचं पथक विमानाने येणार होतं. सकाळी हणमंतरावांनी माझी पूजा मांडली. "तलवारीइतकाच ह्याचाबी मान हाय," असं म्हणत त्यांनी मला हळदकुंकू लावलं. त्या कोरड्या दिवसांत कुठून तरी झेंडूची जाड माळ आणली आणि ती नेमकी माझ्या कपाळावर बसवली. लाल दिवा झाकून गेला. नारळ फोडला. नैवेद्य दाखवून झाला, तरी त्यांचं मन भरेना. माइक म्हणजे माझं तोंड, म्हणून त्यांनी गूळ-खोबऱ्याचा घास चक्क माइकलाच लावला! उन्हाने गूळ पाघळला आणि ओघळत बटणाच्या फटीत गेला. त्यांनी एकदा बटण दाबून पाहिलं आणि माइक ठेवून दिला. बटण मात्र आत गेलं ते आतच राहिलं.

माझी खरखर थांबली. हणमंतराव खूश. "बघा, पूजा पावली. कसा गप बसलाय!"

अहो, मी गप कुठे होतो? मी त्या खोलीतला शब्द न् शब्द आभाळात पाठवत होतो. कुणाला प्रसाद कमी मिळाला ते. "हे इमानवाले कवा येळंवर येतेत?" हे सिद्धेश्वरचं वाक्यसुद्धा. आणि माझा कान मिटलेला. वर वैमानिक हाकांवर हाका मारत होता, हे मला फार उशिरा समजलं. मला हात असते तर पहिल्यांदा ती माळ फेकून दिली असती.

दुपारी अचानक घरघर ऐकू आली. सिद्धेश्वर दारातून ओरडला, "सायेब, आलं की! उतराया लागलंय!"

सगळे खिडकीशी धावले. पट्टीच्या मधोमध गावातली म्हातारी धुरपताबाई उभी होती. तिची हाडं निघालेली गाय डांबरावर बसली होती आणि काही केल्या उठत नव्हती. म्हातारी दावं ओढत होती, पण गाईला सोडत नव्हती. विमानाला धोक्याचा मोठा लाल दिवा दाखवायची सोय होती, पण तो माझ्यासारखा बॅटरीवरचा नव्हता, विजेवरचा होता आणि वीज सकाळीच गेलेली.

हणमंतरावांनी माइक उचलला. "ऐकू येतंय का? उत्तर द्या! उत्तर द्या!" मिटल्या कानाने मी कुठलं उत्तर आणणार? ते थांबले, वाट पाहिली, मला दोन थपडा मारल्या.

"सायेब, कशाला घसा कोरडा करून राहिलाव? डबा मेलाय!" सिद्धेश्वर म्हणाला. माइक आदळून दोघंही बाहेर पळाले.

माझा जीव तळमळला. अहो, उत्तराचं सोडा, पुढचं बोला! नुसतं 'गाय' म्हणा!

खोलीत झाडलोट करणारी महादेवी तेवढी मागे राहिली होती. तिने खिडकीचे गज धरून जिवाच्या आकांताने हाक मारली, "धुरपतामाय, गाय सोड! पट्टीवर इमान येऊन राहिलंय, गाय सोडून पळ, माय!"

ती हाक म्हातारीपर्यंत पोचली नाही. मी मात्र ती होती तशी वर पाठवली. चाकं टेकायच्या बेतात असलेलं विमान कर्कश आवाज करत वर उचललं गेलं आणि खोलीचे पत्रे थरथरले. पट्टीवर धुरपताबाई गाईच्या अंगावर आडवी पडली होती. दोघी जिवंत होत्या.

गाईला चौघांनी उचलून बाजूला नेल्यावर विमान उतरलं. वैमानिक आत आला आणि म्हणाला, "हाक मारणाऱ्या बाई कोण? त्यांच्यामुळे आम्ही वाचलो."

"साहेब, संच तर बंद पडलाय. तुम्हाला ऐकू कसं येईल?" हणमंतराव म्हणाले.

वैमानिकाने माळ बाजूला केली. लाल दिवा पेटलेला होता. त्याने बटणाच्या फटीतला गूळ नखाने काढला. टक्कन बटण वर आलं आणि माझी खरखर सुरू झाली. हणमंतरावांचे डोळे भरून आले. पथकाचे प्रमुख घाबरलेले होते, त्यांना दोष द्यायला कुणीतरी हवं होतं. 'संच नादुरुस्त, बदलावा,' असा हुकूम त्यांनी तिथेच सोडला.

मग धुरपताबाईला बोलावून सगळ्यांनी तिला फैलावर घेतलं. ती दाराशी उभी राहिली.

"कुंपण मोडलंय, गुरं आत शिरतेत, कुणाचा तरी जीव जाईल, हे मी पोळ्यापासून सांगून राहिले, सायेब. ह्याच दारात येऊन सांगितलं. चाऱ्याची काय तरी सोय करा म्हणलं. कोणी व्हय म्हणलं न्हाई."

ती खरंच आली होती, मित्रांनो. एकदा नाही, अनेकदा. मी टेबलावरच होतो, मी साक्षीदार आहे.

म्हणून तुम्हाला विनवतो. यंत्राला देव करू नका. फूल नको, कुंकू नको, गूळ तर मुळीच नको. कोरड्या फडक्याने पुसा, तेवढं पुरे. माझ्या बटणात गूळ अडकला होता, म्हणून मला ऐकू आलं नाही. त्या खोलीतल्या माणसांच्या कानात काय अडकलं होतं, ते मात्र कुणी नखाने काढून पाहिलं नाही.