पूल हवा की गोल?

मित्रांनो, निपाणीहून बेळगावकडे निघालात की तवंदीचा घाट चढण्याआधी तुमची गाडी किंचित हळू होते, डावीकडे झुकते आणि एका पांढऱ्या दगडी कड्याला वळसा घालून पुढे जाते. ते कडं म्हणजे मी. पाणपोईच्या चौफाट्यावरचा जुना गोल. लोक मला ओलांडत नाहीत, माझ्याभोवती फिरतात. पण हा मान मला जन्मतः मिळाला नाही. त्यासाठी मोठा वाद झाला, आणि त्या वादात माझ्या बाजूने फार थोडी माणसं होती.

आधी मी नुसती जमीन होतो. पुण्याहून बंगळूरला जाणारी मोठी सडक आणि खेड्यांतून निपाणीच्या वखारींकडे तंबाखू नेणारा गाडीरस्ता, हे दोन जिथे एकमेकांना छेदत, त्या छेदाच्या मधली चार हात जागा. मला कोणी नाव दिलं नव्हतं. बैलांचे खूर, गाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावा आणि वरून उन्हाचा मारा. चारी दिशांचे लोक मला तुडवत होते आणि मी गप्प पडून होतो. बैलगाड्यांचा काळ होता तोवर काही बिघडलं नाही. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर गाडीवान तंबाखू मळत दोन शब्द बोलत, एक जण बैल मागे घेई, दुसरा पुढे जाई.

मग मोटारी आल्या. घाटाच्या उतारावरून लॉरी सुटली की तिचा आवाज आधी येई आणि धूळ मागून. गाडीवानाला कळेना की ही सरळ जाणार की वळणार. लॉरीवाल्याला कळेना की बैल थांबणार की पुढे रेटणार.

नागोजी हा पूर्वेकडच्या खेड्यातला तंबाखूवाला शेतकरी. एका सकाळी तो गाडी घेऊन निपाणीला निघाला होता. तंबाखूच्या गाठोड्यांवर त्याची बायको मालुबाई बसली होती. घाटावरून लाकडं भरलेली लॉरी आली. नागोजीने बैल उजवीकडे ओढले. लॉरीवाल्यानेही गाडी नेमकी त्याच बाजूला घातली. दोघांनाही एकमेकांना वाचवायचं होतं हो, पण दोघांचाही अंदाज चुकला. पुढचं मी फार सांगत नाही. मालुबाईचा पाय चाकाखाली आला आणि तिचं रक्त माझ्या मातीत मुरलं. जू मानेवर असतानाच एका बैलाने प्राण सोडला.

निपाणीच्या दवाखान्यात तेव्हा डॉक्टर नीला याळगी होत्या. मूळच्या बेळगावच्या, आवाजाने मऊ आणि बोलण्याने ठाम. त्यांनी मालुबाईचा जीव वाचवला, पण पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ती बरी होऊन घरी गेली त्याच आठवड्यात नीलाबाई चौफाट्यावर आल्या आणि माझ्यावर उभ्या राहून चारी रस्त्यांकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी रस्ते बघणाऱ्या लोकल बोर्डाला कळवलं, की या जागी माणसं मरायची नसतील तर काहीतरी करा.

बोर्डाने आपले इंजिनिअर पाठवले, उपेंद्र हेरेकर. तरुण, हुशार, खाकी टोपीतले. चौफाट्यावर सभा भरली. गाडीवान आले, लॉरीवाले आले, नागोजी आला, आणि कुबडी टेकत मालुबाईही आली.

हेरेकरांनी सदऱ्याच्या बाह्या मागे सारल्या, पाणपोईतलं पाणी मागून घेतलं आणि जमिनीवर चिखलाचा देखावाच उभा केला. मोठी सडक बांधावरून वर चढली होती. तिच्या पोटात कमान होती आणि कमानीतून तंबाखूचा रस्ता चालला होता. वळणाऱ्यांसाठी चारी बाजूंना उतार होते. देखावा इतका सुबक झाला होता की माणसं वाकून वाकून बघू लागली.

"हा पूल," हेरेकर म्हणाले. "लॉरी वरून, बैल खालून. दोन रस्ते एकमेकांना भेटतच नाहीत. मग टक्कर होणार कशी?"

लोकांनी माना डोलावल्या. नीलाबाई म्हणाल्या, "पण हेरेकर, त्यांना भेटायचंच आहे. खेड्यातली गाडी इथं येते ती निपाणीकडे वळायला. तिला तुमच्या या उतारावरून पुन्हा त्याच सडकेवर चढायचं आहे. म्हणजे टक्करीची जागा इथून उचलून तिथं ठेवलीत."

"मग तुमचं काय म्हणणं?"

नीलाबाईंनी छत्रीच्या टोकाने माझ्या अंगावर एक मोठं वर्तुळ काढलं. "दिल्लीला मी असे चौक पाहिलेत. मधे गोल उंचवटा. कुणीही कुठूनही आला तरी डाव्या हाताने शिरायचं, गोल उजव्या हाताला ठेवायचा, आणि आपला रस्ता आला की बाहेर पडायचं. जो आत आहे त्याला आधी जाऊ द्यायचं. समोरासमोर कुणी येतच नाही."

हेरेकर हसले. "बाई, बैलाला गोल फिरवतात ते घाण्याला. पुण्या-बंगळूरच्या सडकेला तुम्ही घाण्याचा बैल करणार?"

सगळे खदखदून हसले. मलाही, खरं सांगतो, लाज वाटली. पूल म्हणजे केवढा रुबाब! आणि मी? छत्रीने काढलेली एक रेघ.

नागोजी मात्र पुढे आला. "इंजिनेरसायब, माझ्या हातनं चूक झाली ती कशी, ठावं हाय? त्यो कुणीकडं वळणार, त्ये मला म्हाईत न्हवतं. माझं त्येला म्हाईत न्हवतं. हितं समद्यांचं त्वांड एकीकडंच हाय. मला हे पटतंय."

"मला न्हाय पटत!" मागून आवाज आला. मालुबाईचा.

सगळ्यांनी वळून मागे बघितलं.

"अवो, तुमचं काय गेलं?" ती नवऱ्याला म्हणाली. "पाय माझा गेलाय. मला लॉरीच्या जवळबी जायाचं न्हाय. ती वरनं जाऊ दे, मी खालनं जाईन. डाक्टरीणबाई, तुमी माझा जीव वाचवला, तुमचं उपकार न्हाय फिटायचं. पर लॉरीच्या संगट गोल गोल फिरायला सांगू नका. मला भ्या वाटतंय."

ज्या बाईसाठी नीलाबाई झगडत होत्या, तीच पुलाच्या बाजूने उभी होती. त्या मालुबाईजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "तुमचं भ्यायचं कारण खरं आहे, मालुबाई. मी त्याला खोटं म्हणणार नाही."

पुलाला वेळ लागणार होता आणि तंबाखूचा हंगाम तोंडावर आला होता. शेवटी हेरेकरच म्हणाले, "हंगामापुरता बाईंचा गोल करून बघू. जमला नाही तर पूल आहेच." मला आजही त्यांचं हे बोलणं आवडतं. आपलं चित्र इतकं प्यारं असूनही त्यांनी दुसऱ्याच्या रेघेला संधी दिली.

मग मी उभा राहिलो. चुना लावलेल्या जुन्या पिंपांचं कडं, मधे घाटातून आणलेल्या मुरमाचा ढीग. दिसायला मी काही देखणा नव्हतो. लॉरीवाले शिव्या देत. बैल बुजत. एक म्हातारा गाडीवान तर हट्टाने उलटा फिरला आणि चारी रस्ते त्याच्यावर ओरडले. पण हळूहळू लोकांना लय सापडली. डावीकडून आत, गोलाला वळसा, बाहेर. नागोजी आपल्या गाडीसह येई आणि नव्या माणसाला हाक मारून सांगे, "डावा हात धर रं! आतल्याला जाऊ दे आदी!" मालुबाई मात्र माझ्यापाशी आली की डोळे मिटून घ्यायची.

बाजाराचा दिवस होता. माझ्याभोवती गाड्यांची माळ लागली होती. हेरेकर आणि नीलाबाई पाणपोईच्या सावलीत उभं राहून, सवयीप्रमाणे वाद घालत होते. इतक्यात घाटावरून सतत वाजणारा भोंगा ऐकू आला. संकेश्वरकडून गूळ भरून येणारी परशरामची लॉरी होती. परशराम हा जुना आणि सावध ड्रायव्हर, पण त्या दिवशी उतारावर त्याचे ब्रेक गेले होते. तो एका हाताने भोंगा दाबत होता, आणि बाहेर डोकं काढून ओरडत होता, "सरा! बाजूला सरा!"

घाटाचा रस्ता माझ्यापाशी येतो त्या तोंडाशी, अगदी लॉरीच्या वाटेत, नागोजीची गाडी होती. वर मालुबाई होती.

मित्रांनो, तिने त्या वेळी डोळे मिटले नाहीत. तिने लॉरी पाहिली, पुढची गाडी पाहिली आणि जीव तोडून ओरडली, "अवो, थांबू नगा! फुडं हाणा! समदी फुडं हाणा!"

मागे वळायचा प्रश्नच नव्हता. उजवी-डावी करायची गरज नव्हती. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला होती. नागोजीने कासरा सैल सोडला, पुढच्याने बैलांना हाक दिली, त्याच्या पुढच्याने दिली, आणि ती सगळी माळ सरकली, जशी ओढली की दोरी सरकते. घाटाच्या तोंडापुरती वाट मोकळी झाली. परशरामने ती मोकळी वाट पाहिली, पलीकडे मला पाहिलं आणि स्टिअरिंग घट्ट धरून लॉरी सरळ माझ्या छातीत घातली.

पिंपं उडाली. मुरूम आभाळात गेला. लॉरीची पुढची चाकं आसापर्यंत माझ्यात रुतली आणि ती धापा टाकत थांबली. मी तिला धरून ठेवलं. मागच्या गुळाच्या ढेपा मात्र थांबल्या नाहीत. त्या धडाधड उतरल्या आणि रस्त्यावर फुटल्या.

परशराम कपाळाला हात लावून खाली उतरला. ओठ फुटला होता, बाकी काही नाही. कुणालाच काही नाही! बैलांनासुद्धा नाही. मग असा गलका उठला की घाटातली पाखरं उडाली. परशराम रडत, हसत, फुटलेल्या ढेपांचा गूळ सगळ्यांच्या हातावर ठेवू लागला. "खावा, खावा! आज माझा पुनर्जन्म हाय!"

हेरेकर माझ्याजवळ आले. रुतलेलं चाक बघून म्हणाले, "पूल असता तर ही लॉरी वरून सरळ गेली असती, आणि थेट निपाणीच्या बाजारात घुसली असती. बाई, तुम्ही जिंकलात."

"मी कुठली?" नीलाबाई म्हणाल्या. "त्यांना विचारा."

मालुबाई कुबडी टेकत माझ्यापर्यंत आली होती. तिने माझ्यातला चिमूटभर मुरूम उचलला, कपाळाला लावला आणि म्हणाली, "इंजिनेरसायब, तुमचा पूल लई झ्याक हाय. पर ह्यो हितंच ऱ्हाऊ दे. पिंपं नगं आता. दगडात बांधा."

आणि हेरेकरांनी मला दगडात बांधलं. अर्ध्या मनाने नव्हे, मित्रांनो. आपलीच कल्पना असावी अशा मायेने त्यांनी माझा घेर आखला. रस्त्यांची तोंडं थोडी तिरपी केली, म्हणजे येणारा आपोआप हळू व्हावा. आत मुरूम मऊ ठेवला. कोणी म्हणालं, मधे मोठं झाड लावा. ते म्हणाले, "नाही, पलीकडचं दिसलं पाहिजे." म्हणून माझ्यावर फक्त झेंडूची बुटकी रोपं आली.

पुढे लढाई पेटली. लष्कराच्या लॉऱ्यांची रांगच्या रांग या सडकेने जाऊ लागली. एक गोरा अधिकारी आला आणि म्हणाला, हा अडथळा काढा, सडक सरळ करा. तेव्हा माझ्या बाजूने कोण उभं राहिलं, सांगा बघू! हेरेकर. तेच हेरेकर, ज्यांनी मला घाणा म्हटलं होतं.

"साहेब, निर्णय घेण्याआधी एकदा इथं उभे राहा," ते म्हणाले. "तुमच्या लॉऱ्या आणि आमच्या गाड्या एकाच वेळी येऊ द्या."

साहेब उभा राहिला. लष्करी लॉरी आली, बैलगाडी आली, पुन्हा लॉरी, पुन्हा दोन गाड्या, मधेच एक सायकल. कोणी थांबलं नाही, कोणी कोणावर ओरडलं नाही. साहेबाने पाइप पेटवला, तो संपेपर्यंत बघितलं आणि मोटारीत बसला. मला काढायचा हुकूम पुन्हा कधी आला नाही.

आता शेवटची गोष्ट सांगतो, माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी.

देश स्वतंत्र झाला त्या दिवशी चारी रस्त्यांनी मिरवणुका निघाल्या. निपाणीचा बँड, घाटावरचे लेझीमवाले, पूर्वेची हलगी, पश्चिमेचे ढोल. सगळ्यांनी ठरवलं होतं की झेंडा पाणपोईच्या गोलावर लावायचा. पण चौघेही एकदमच पोहोचले आणि अडून बसले. आधी कोण? निपाणीकर म्हणाले, आम्ही शहरातले. घाटावरचे म्हणाले, आम्ही लांबून आलोय. आवाज चढले. नीलाबाई समजावून थकल्या. हेरेकर दोन्ही हात वर करून उभे होते, त्यांचं कुणी ऐकेना.

तेवढ्यात मालुबाईची कुबडी माझ्या दगडावर खणखणली. आता तिचे केस पांढरे झाले होते.

"आरं, कशापाय भांडताय?" ती कडाडली. "हितं पयला न् शेवटला कोण न्हाय! डावा हात धरा आणि समदीच फिरा की!"

एक हशा उठला. मग हलगी कडाडली, ढोल घुमला, बँड वाजू लागला, आणि चारी मिरवणुका डाव्या हाताने एकदमच आत शिरल्या. कानडी जयघोष मराठी जयघोषात मिसळला. एका फेरीत निपाणीकर कोण आणि घाटावरचे कोण हे ओळखू येईना. माझ्याभोवती माणसांचं एकच कडं फिरत होतं, आणि मधे, झेंडूच्या वाफ्यात, नागोजी आणि परशराम झेंड्याची काठी रोवत होते.

हेरेकर नीलाबाईंना म्हणाले, "गाड्या वाढतील, बाई. एक दिवस इथं पूल लागेलच."

"लागेल तेव्हा तुम्हीच बांधा," त्या म्हणाल्या. "आज फिरा."

आणि इंजिनिअरसाहेब टोपी हातात घेऊन लेझीमवाल्यांच्या मागोमाग फिरू लागले.

मित्रांनो, पूल आला तर मला राग नाही. ज्याची गरज असेल ते होऊ दे. पण मी आहे तोवर माझ्या दगडांवर कचरा टाकू नका, झेंडू उपटू नका, आणि घाईत असलात तरी इथं येताना जरा हळू व्हा. जो आधी आत आला आहे त्याला जाऊ द्या. पुढची मोकळी जागा तुमचीच आहे.